रॅम्प बांधला की झालं?

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या कॉलेजच्या सुगम्यता समितीवर तुला घेतलं हे बरं झालं, पण पहिल्याच बैठकीत 'रॅम्प बांधला की झालं' यावर सगळ्यांचं एकमत झालं, हे वाचून हसू आलं.

रॅम्प बांधाच, पण मोजून. उंचीच्या बारा पट लांबी, हा सर्वसाधारण हिशेब. तीन पायऱ्या मिळून 45 सेंटिमीटर भरल्या, तर रॅम्प 540 सेंटिमीटर हवा. जागेची अडचण सांगून कंत्राटदार तो निम्म्यात उरकतो. मग व्हीलचेअर वर ढकलायला दोघं लागतात आणि उतरताना जीव मुठीत धरावा लागतो. आणि तो मुख्य दरवाजालाच असू दे. इतर मुलं समोरून आत जात असताना व्हीलचेअरवरच्या एकीनेच रोज कचऱ्याच्या डब्यांशेजारून का यावं?

अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं दार एकदा स्वतः उघडून बघ. बाहेर पाटी असते, आत बादल्या, झाडू आणि मोडकी बाकं. व्हीलचेअर वळायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते, ती या सामानानेच खाल्लेली असते.

खर्चाचं रडगाणं कुणी गायलंच, तर वर्गात चल म्हणावं. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या सरांचे ओठ बहिऱ्या मुलाला दिसत नाहीत. वर्गाकडे वळून बोलायला पैसे पडत नाहीत. नोट्सचंही तेच. पानांचे नुसते फोटो काढून पीडीएफ केली, की अंध मुलांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, त्यातलं अक्षरही वाचत नाही. मजकूर टाइप केलेला असेल, तर मूळ फाइलच द्यायची. इतकं साधं आहे, तरी कुणी करत नाही!

एड रॉबर्ट्स 1962 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आला. पोलिओमुळे त्याला आयर्न लंग, म्हणजे श्वास घ्यायला मदत करणारं मोठं यंत्र, लागायचं. वसतिगृहात सोय होईना, म्हणून त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयात खोली दिली. पुढे आणखी काही अपंग विद्यार्थी तिथे राहायला आले आणि त्यांनी मिळून हक्कांची चळवळ उभी केली. काय अडतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तुमच्या समितीत असा एकही विद्यार्थी नाही, असं पत्रावरून वाटतं. दोघातिघांना घ्या. त्यांच्याबरोबर फाटकापासून परीक्षेच्या हॉलपर्यंत जा आणि कुठे थांबावं लागलं ते लिहून काढा. परीक्षेत उत्तरं लिहून देणारे लेखनिक ऐनवेळी कसे मिळतात, तेही त्यांनाच विचार.

आणि हो, बैठक दुसऱ्या मजल्यावर घेता ना? लिफ्ट नसेल तर आधी बैठकच तळमजल्यावर आणा. पुढचं कळव.

तुझा,
माधव