पायवाट मोकळी ठेवणाऱ्यांना

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टूसान शहराच्या उत्तरेला, कोरोनाडो राष्ट्रीय वनाच्या सांता कॅटालिना डोंगरात पायवाटा दुरुस्त करणाऱ्या तुम्हा सगळ्या स्वयंसेवकांना हे पत्र. तुमच्यातल्या फार कुणाला मराठी येत नसेल. पण ॲरिझोनात नोकरी-शिक्षणासाठी आलेली, सह्याद्रीत चालायला शिकलेली मंडळी या डोंगरात येतात. वाट आपोआप राहत नाही हे त्यांनाही कळावं, म्हणून पत्र उघड लिहितो आहोत.

५ जून २०२० ला वीज पडून पेटलेल्या बिगहॉर्न वणव्यात सुमारे १ लाख २० हजार एकर जळालं. वणवा विझला की वाटेचे हाल सुरू होतात. जळक्या पाइनची मुळं कुजतात आणि पुढची कित्येक वर्षं वारा सुटला की खोडं आडवी होत राहतात. भाजलेली माती पाणी शोषत नाही, त्यामुळे पाणी गाळ-दगड घेऊन थेट वाटेवर उतरतं. ऊन मिळालं की लोकस्ट नावाच्या काटेरी झुडपांचं रान माजतं, मग वाट नकाशावर असते, पायाखाली नसते.

त्यात या डोंगरातला पुश रिजचा भाग १९७८ पासून संरक्षित अरण्य आहे. १९६४ च्या अमेरिकी अरण्य कायद्याने तिथे यंत्राची करवत चालत नाही, म्हणून तुम्ही दोघांनी ओढायची लांब करवत खांद्यावर घेऊन चढता. ती फक्त ओढायची. समोरच्याने ढकललं की पातं वाकतं. दोन्ही टोकांना टेकलेलं खोड वरून दाबाखाली असतं. कापत गेलं की फट मिटते आणि पातं अडकतं, म्हणून करवत पुरेशी आत गेली की लगेच तिच्या पाठीमागे प्लास्टिकची पाचर ठोकायची. लोखंडी पाचरीला दात लागले तर धार गेलीच. एक टोक अधांतरी असलेल्या खोडाचं गणित उलटं: वरची बाजू ताणलेली, ती फाटून उडू शकते. उतारावर शेवटचे काही इंच उरले की खालच्या अंगाचा माणूस बाजूला होतो आणि वरचा एकटा काम संपवतो, कारण सुटलेलं खोड खाली गडगडतं. एका खोडामागे इतका विचार असतो हे त्यावरून टांग टाकून जाणाऱ्याला कुठे ठाऊक!

आमच्या मते याहून मोठं काम वाटेवरचं पाणी बाजूला काढणाऱ्या तिरक्या चरांचं. एका अंगाला फावडं, दुसऱ्या अंगाला दंताळं असलेल्या अवजाराने तुम्ही चरातला गाळ काढता. चर बहुधा बाहेर पडायच्या तोंडाशीच तुंबतो. तो तुंबला की पाणी वाटेनेच धावतं आणि वाटेची घळ होते. मग लोक घळ चुकवून कडेने चालतात आणि दुसरी घळ तयार होते. म्हणून चालणाऱ्यांनी चर पायाने बुजवू नये, त्याच्या कडेने नवी वाट पाडू नये, आणि नागमोडी वळणं तोडून सरळ उतरू नये.

सह्याद्रीकरांनी दोन सवयी घरी ठेवाव्यात. गडावर टाकं असतं, इथे नाही. ओढा नकाशावर निळा असला तरी कोरडा असू शकतो. उन्हात ताशी अर्धा ते एक लिटर पाणी धरा आणि अर्धं संपलं की परत फिरा. दुसरं, जून म्हणजे पाऊस नव्हे. इथे जून कोरडा, वणव्याचा महिना. पाऊस साधारण जुलैत येतो, तोही बहुधा दुपारी, विजांसकट. टूसानहून सुमारे २,००० मीटर उंच असलेल्या लेमन शिखरावरून (२,७९१ मीटर) दुपारच्या आत खाली यावं. बेअर कॅन्यन या दरीतून सेव्हन फॉल्स धबधब्याला जाताना ओढा वारंवार ओलांडावा लागतो. वर डोंगरात पाऊस पडत असेल, तर डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढतं.

फेड म्हणून एवढं करू: आडवं झाड दिसलं की वाटेचं नाव व क्रमांक, जवळच्या फाट्यापासूनचं अंतर, खोडाची जाडी, ते कशावर टेकलंय, हे टिपून शेजारी काठी ठेवून फोटो काढू आणि वन कार्यालयाला कळवू. कुठली करवत, किती पाचरी आणि किती माणसं न्यायची, हे तुम्हाला खालीच ठरवता येईल.

आपले,
तुमच्या वाटांवरून चालणारे