फसवणुकीनंतर घरात बोलता आले पाहिजे

महोदय,

आपल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका वृद्ध दांपत्याने मार्च 2025 मध्ये ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर केलेल्या खोट्या अटकेच्या, धमक्यांपायी आयुष्य संपवले, तेव्हापासून आमच्या गल्लीत काही मुलांनी आईवडिलांचे स्मार्टफोन काढून घेतले आहेत. त्यांची काळजी समजते, पण उपाय चुकतो आहे. पुण्याला किंवा बेंगळुरूला असलेल्या नातवंडांचा चेहरा ज्या फोनमध्ये दिसतो, तोच काढून घेतला, तर त्या घरात संध्याकाळी उरते काय? जगातील बहुतेक भागांत आत्महत्येचे प्रमाण सत्तरी ओलांडलेल्यांत सर्वाधिक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या अहवालात नमूद आहे, आणि एकटेपणा हे त्यामागील एक मोठे कारण मानले जाते.

भामट्याची पहिली अट असते, ‘कुणालाही सांगू नका.’ व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, हे ज्याला ठाऊक नाही तो घाबरून ती अट पाळतो. पैसे गेल्यावर मात्र तीच अट लाजेपोटी पाळली जाते. माझे एक निवृत्त स्नेही असेच फसले. तीन आठवडे त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही, जेवण तुटले, कट्ट्यावर येणे थांबले. अखेर मुलाला कळले, तेव्हा तो म्हणाला, “एवढे शिकलेले तुम्ही, फसलात कसे?” पैसे गेल्यापेक्षा हे वाक्य त्यांना अधिक लागले.

आमची पिढी मराठी शाळांत शिकली. बँकेतील सावधगिरीच्या सूचना कन्नड आणि इंग्रजीत असतात, त्या आमच्यापैकी अनेकांना वाचता येत नाहीत. सायबर फसवणुकीची तक्रार 1930 वर जितक्या लवकर होईल तितकी रक्कम थोपवली जाण्याची शक्यता अधिक असते, आणि मन खचले असेल तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी 14567 ही स्वतंत्र हेल्पलाइन आहे. हे क्रमांक पतसंस्था, वाचनालये आणि दूध संस्थांच्या दारावर ठळक मराठीत लागावेत, अशी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. आपल्या दैनिकानेही ते रोज निधनवार्तांच्या पानावर छापावेत. आम्ही म्हातारी माणसे सकाळी आधी तेच पान उघडतो.

एक निवृत्त शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव