बस पहाटे साडेपाचला आली

ओहायो,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप दोनदा ऐकला. लेकीला इथल्या एका कोचची मेल आली, टेनिसच्या जोरावर फी, राहणं, जेवण सगळं होईल म्हणतात, तर पाठवू का, असं विचारलंस. त्याचं उत्तर सोपं आहे, पोरगी गुणाची आहे, जरूर पाठव. पण शेवटी सहज म्हणून गेलास, "तिकडे खेळ आणि अभ्यास दोन्ही नीट चालतं ना रे? आपल्यासारखी ओढाताण नाही ना?" त्यावर फोनवर दोन वाक्यांत काही सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं. म्हणून पत्रच लिहायला बसलो.

मी सकाळी आठला पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवतो, हे तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. गुरुवारी वीस मार्कांची छोटी परीक्षा होती. फुटबॉलच्या (इथला अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन धावतात तो) टीममधला एक धिप्पाड पोरगा मागच्या बाकावर येऊन बसला. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, प्लास्टिकच्या पट्टीने गुंडाळलेली. उजव्या हाताची दोन बोटं चिकटपट्टीने एकत्र बांधलेली, त्याच हाताने लिहीत होता. बर्फ वितळून फरशीवर पाणी साचलं, तर उठून त्याने स्वतःच कागदाने पुसलं आणि पुन्हा लिहायला लागला. पेपर तपासताना पाहिलं, पहिल्या प्रश्नाचं सूत्र बरोबर, आकडे बरोबर मांडलेले, आणि मधेच पेनाची रेघ घसरत थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. लिहिता लिहिता झोप लागली होती त्याला. मी वीसपैकी चार दिले.

मागून कळलं, आदल्या रात्री पश्चिमेकडच्या एका राज्यात सामना होता. तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे. तिथल्या सातला सुरू झालेला सामना आमच्या साडेअकराला संपला. आंघोळ, पट्ट्या, डब्यातलं जेवण, मग पाच तासांचा रस्ता. बस पहाटे साडेपाचला आली. आठला तो माझ्या वर्गात होता. सामन्याच्या दिवशी गैरहजर राहायचं पत्र कॉलेज देतं. सामन्यानंतरच्या सकाळचं पत्र कोणी देत नाही. ते चार मार्क अजून मला टोचतात.

तू म्हणशील, बुधवारी रात्री कसला सामना? तेच तर सांगायचंय. इथे कॉलेज फुटबॉलचा खरा वार शनिवार. पण शनिवारी टीव्हीवर मोठ्या विद्यापीठांची गर्दी. कॉन्फरन्स म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. आमच्या भागातल्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्ससारख्या लहान गटाला देशभर दिसायचं असेल तर रिकामी रात्र शोधावी लागते. म्हणून गेली वीसेक वर्षं नोव्हेंबर आला की आमचे सामने मंगळवारी-बुधवारी रात्री. मी एकदा बघायला गेलो होतो. हाडं गोठवणारी थंडी, वीस हजारांवर बसतील एवढं मैदान आणि मूठभर माणसं. पोरांचे मित्रसुद्धा येत नाहीत, दुसऱ्या दिवशी तास असतात. कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस उभा असतो. टीव्हीवर जाहिराती चालू असेपर्यंत खेळ थांबवायचा, एवढंच त्याचं काम. बावीस पोरं घामाने भिजलेली, थंडीत उभी, जाहिराती संपायची वाट बघत. अशाने साठ मिनिटांचा सामना साडेतीन तास चालतो.

ही घडी कधी बसली? १९८४ साली. तोवर कोणाचे किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाची विद्यापीठं कोर्टात गेली आणि सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक बायरन व्हाइट, स्वतः कॉलेजच्या काळातला नावाजलेला फुटबॉलपटू. त्याला वाटत होतं की हे निव्वळ धंद्यासारखं तोलू नका, यात शिक्षणही आहे. मला तो निकाल कायद्याने चुकला असं म्हणायचं नाही. पण त्यानंतर ज्याने त्याने आपापले हक्क विकले, आणि विकत घेणाऱ्याने पैशाबरोबर घड्याळही घेतलं. आज मोठ्या कॉन्फरन्समध्ये शनिवारचा सामना दुपारी बाराला की रात्री साडेसातला, हे पुष्कळदा बारा दिवस आधी, कधी कधी तर सहाच दिवस आधी कळतं. पोराने चाचणीचा अभ्यास कधी करायचा हे त्याने ठरवायचं कसं?

बास्केटबॉल त्याहून अवघड. रात्री नऊचा सामना नेहमीचाच, आणि आठवड्याच्या मधल्या वारी. पुरुषांची राष्ट्रीय अंतिम लढत एप्रिलमधल्या सोमवारी रात्री, पूर्वेकडच्या घड्याळाने नऊच्या सुमारास सुरू होते आणि अकरा वाजून गेल्यावर संपते.

नियम नाहीत असं नाही. हंगामात खेळाला आठवड्याला २० तासांहून जास्त वेळ द्यायचा नाही, असा नियम आहे. पण सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तास धरतात, आणि प्रवास तर मोजतच नाहीत. माझ्या त्या पोराची ती रात्र हिशेबात तीन तासांची! एनसीएएच्या स्वतःच्या पाहणीत वरच्या श्रेणीतल्या फुटबॉलपटूंनी आठवड्याचे चाळीसच्या वर तास सांगितले होते.

आपण दोघं प्रकाशझोतातल्या कबड्डीला टेम्पोतून जायचो, आठवतं? रात्री दोनला शेवटची लढत, अंगावर धूळ, आणि घरी आल्यावरही डोळे टक्क उघडे. अंग दमलेलं असतं पण डोकं चढाईच करत असतं. तेव्हा वर्षातून दोन-तीन रात्री असं व्हायचं, आणि कॉलेज बुडवलं तर बुडवलं. इथे ते पोरांच्या आठवड्यातच बांधलेलं आहे, आणि वर मार्क कमी पडले तर खेळताही येत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र झोपेचं नाही. त्या पोराला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं होतं. गावाकडे वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम, हातात ती कला होती. पण प्रयोगशाळेचे तास दुपारी आणि सरावही दुपारी. त्यात एक नियम असा की दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण झालाच पाहिजे, तिसरं संपेपर्यंत ६०, चौथं संपेपर्यंत ८०. नियम चांगल्या हेतूने केलाय, पोरं नुसती खेळवून सोडून देऊ नयेत म्हणून. पण त्यामुळे मधेच अवघड शाखेकडे वळायची वाट बंद होते. सल्लागारांनी त्याला वेळेत बसणारी एक सोपी शाखा सुचवली आणि त्याने घेतली. कोणी जबरदस्ती केली नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आता तुझ्या लेकीचं. टेनिस रात्री नऊला टीव्हीवर कोणी दाखवत नाही, तेव्हा ती त्यातून सुटली असं वाटेल. पण फुटबॉलच्या टीव्ही पैशासाठी कॉन्फरन्स बदलली की टेनिसही मागोमाग जातं. २ ऑगस्ट २०२४ला लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही दोन विद्यापीठं बिग टेन नावाच्या गटात गेली. त्याच गटात न्यू जर्सीची रटगर्स आहे, पार दुसऱ्या किनाऱ्यावर, तीन तास पुढच्या घड्याळात. पॅसिफिक किनाऱ्याकडची स्टॅनफर्ड तर ॲटलांटिक कोस्ट नावाच्या गटात आहे! अर्थात हेही खरं की फुटबॉलच्याच पैशावर पोहणं, टेनिस, धावणं असे कितीतरी खेळ जगतात, आणि तिची शिष्यवृत्तीही बहुधा त्यातूनच येईल. त्या पैशाला मी नावं ठेवत नाही. वेळ ठरवताना एकदा तरी वर्गाचं वेळापत्रक समोर ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.

म्हणून तिला सांग, कोचला मैदान आणि जिमचे फोटो नको मागू. गेल्या वसंतातल्या दौऱ्यांचा तक्ता माग, कुठल्या वारी निघाले आणि किती वाजता परतले. टीममध्ये सायन्स किंवा इंजिनिअरिंग शिकणाऱ्या किती जणी आहेत ते विचार, आणि त्यातल्या एकीशी कोच समोर नसताना बोल. तिला बायोटेक करायचंय ना? मग प्रयोगशाळेचे तास आणि सराव एकमेकांवर येतात का, हे सही करायच्या आधी लेखी घे. प्रश्न विचारले म्हणून कोच नाराज झाला, तर ते आत्ताच कळलेलं बरं. शनिवारी तुमच्याकडे संध्याकाळ झाली की फोन कर, तिला जवळ बसव, मी ती मेल तिच्यासोबत ओळ न् ओळ वाचतो.

मी नोव्हेंबरात गुरुवारी परीक्षा घेणं बंद केलंय, सोमवारी घेतो. आज सकाळी वर्गात तिघं पेंगत होते. एकाच्या गुडघ्यावर बर्फ होता. मी खिडकीजवळचा दिवा बंद केला आणि हळू आवाजात शिकवत राहिलो.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या तब्येतीचं कळव.

तुझाच,
मित्र