कबुतरांविषयी डॉक्टरांनीही विचारावे

महोदय,

दादरच्या कबुतरखान्यात दाणे टाकण्याच्या वादावर बरीच शाई खर्च झाली. पण कबुतरांमुळे होणारा फुप्फुसांचा आजार अनेकदा घरातच, एसीमागच्या घरट्यापाशी सुरू होतो. वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची भुकटी श्वासातून आत जात राहिली, की काहींच्या फुप्फुसांना त्यातल्या प्रथिनांमुळे सूज येते. कोरडा खोकला, जिना चढताना धाप. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. मग दमा समजून महिनोन्‌महिने औषधे चालतात. खोकला लांबला, की फॅमिली डॉक्टरांनी थुंकी तर तपासावीच, पण ‘खिडकीत कबुतरे बसतात का?’ हेही विचारावे. संशय आल्यास एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची क्षमता मोजणारी तपासणी) करावी. एकदा व्रण पडलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही.

घरटे कोरड्या झाडूने झाडणे ही सर्वांत घातक चूक, कारण सगळी भुकटी तोंडावर उडते. आधी साबणाचे पाणी फवारून भिजवावे, एन-९५ मास्क लावावा (रुमाल कुचकामी), ओली घाण पिशवीत बांधावी, मगच जाळी बसवावी. आजार झालेल्याने हे काम करूच नये. दाणे टाकणाऱ्या शेजाऱ्यांना समजावणे मात्र जाळी बसवण्यापेक्षा अवघड!

– एक छातीविकारतज्ज्ञ, दादर, मुंबई