शेवटच्या प्रवेशात बरे होणारे रुग्ण

महोदय,

मानसिक आजार आणि श्रद्धा यांवर स्वतःची संहिता लिहून नाटकाचे प्रयोग करणाऱ्यांकडून एक चूक हमखास होते. शेवटच्या प्रवेशात पात्र प्रार्थना करते, प्रकाश उजळतो आणि नैराश्य संपते! प्रत्यक्षात औषधांचा गुण दिसायलाच साधारण २ ते ४ आठवडे लागतात. ‘भक्त म्हणजे भ्रमिष्ट’ हे दुसरे टोकही तितकेच खोटे. समूहात रुळलेली श्रद्धा निदानात भ्रम धरली जात नाही. झोप उडाली, कामे अडली, एकट्यालाच आदेश ऐकू येऊ लागले, तर तपासणी हवी. हा फरक संवादांतून सांगण्यापेक्षा पात्राच्या दिनक्रमातून दाखवावा.

आत्महत्येची पद्धत मंचावर दाखवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रंगमंच आणि पडद्यासाठी याविषयी मार्गदर्शिकाच काढली आहे. संहितेचे पहिले वाचन मनोविकारतज्ज्ञ आणि धर्मोपदेशक या दोघांसमोर, तालमींआधी व्हावे. हालचाली बसल्या की दिग्दर्शक सहसा काही बदलत नाहीत. प्रयोगापूर्वी विषयाची सूचना द्यावी, नंतर अर्धा तास समुपदेशक थांबावा. आणि नटाला भूमिकेतून बाहेर यायला वेळ मिळावा. मेकअप उतरला म्हणजे भूमिका उतरली असे नसते.

– रंगभूमी व समुपदेशन क्षेत्रातील काही वाचक