‘खात्रीलायक बातमी’ची खात्री कोणी केली? मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पहाटे आमच्या घराची झडती झाली. चोरीचे दागिने आमच्याकडे दडवल्याच्या संशयावरून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम 97 खाली वॉरंट काढण्यात आले होते. पंचनाम्यात ‘आक्षेपार्ह काही एक मिळून आले नाही’ असे नमूद आहे. आपला वेळ मौल्यवान असल्याने मी फक्त दिलगिरीची अपेक्षा कळवणार होतो. परंतु वॉरंटासाठी पोलिसांनी केलेल्या अर्जाची नक्कल वाचल्यावर तेवढ्यावर थांबणे शक्य राहिले नाही.

त्या अर्जात संशयाचे कारण एका वाक्यात उरकले आहे: ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली.’ बातमीदाराने दागिने स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, केव्हा पाहिले, त्याची पूर्वीची एखादी बातमी खरी ठरली होती काय, पोलिसांनी ती कशाशी पडताळली, याबद्दल अवाक्षर नाही. बातमीदाराचे नाव मला नकोच आहे. पण कलम 97 नुसार दंडाधिकाऱ्यांनी आवश्यक वाटेल ती चौकशी करून, विश्वास ठेवण्यास कारण आहे का, हे ठरवायचे असते. येथे छापील नमुन्यातील मोकळ्या जागेत आमचा पत्ता भरण्यालाच चौकशी म्हटले गेले असावे. हीच झडती वॉरंटाशिवाय कलम 185 खाली घेतली असती, तर पोलिसांना कारणे लिहून 48 तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागली असती आणि अर्ज करताच मला त्यांची प्रत विनामूल्य मिळाली असती. म्हणजे वॉरंट निघाले, हेच आमचे दुर्दैव!

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना खुर्चीत बसवून त्यांची गादी उसवण्यात आली. उपनिरीक्षकांनी आईचे मंगळसूत्र तळहातावर तोलून ‘पावती आहे का?’ असे विचारले. तिने ते त्यानंतर गळ्यात घातलेले नाही. कायद्याला त्याच परिसरातील प्रतिष्ठित पंच अभिप्रेत असताना, शेजारी जिन्यात उभे होते आणि पंच मात्र पोलिसांच्या गाडीतूनच उतरले. 1 जुलै 2024 पासून कलम 105 ने झडतीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. त्याविषयी विचारले, तेव्हा मोबाईलची बॅटरी संपल्याचे उत्तर मिळाले. एवढा गाजावाजा झालेला नवा कायदा चार्जरवाचून अडला.

पोलिसांनी काळजी घ्यावी तरी का? बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही तेवढ्या कारणाने बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये पूरणमल प्रकरणात सांगितले. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो हक्क आमच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. सापडले तर पुरावा, नाही सापडले तर पंचनाम्यातील एक ओळ. दोन्ही बाजूंनी पोलिसांचे काहीच जात नाही.

न्यायालय आपल्या अखत्यारीत नाही, हे मला ठाऊक आहे. अर्ज करणारे पोलीस मात्र आहेत. बातमीचा आधार आणि तिची पडताळणी लिहिल्याशिवाय कोणताही अधिकारी झडतीचे वॉरंट मागणार नाही, असे लेखी आदेश काढावेत, आमच्या प्रकरणाची पोलीस ठाण्याबाहेरील वरिष्ठांकडून चौकशी करावी आणि चित्रीकरणाची प्रत द्यावी. चित्रीकरण झालेच नसेल, तर ते का झाले नाही, हे संबंधित अधिकाऱ्याच्या सहीनिशी कळवावे. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असे उत्तर कृपया पाठवू नये.

आपला,
झडती झालेल्या घरातील एक नागरिक