पिशव्यांपासून फर्निचर : कृतीसोबत सावधगिरीही छापावी

संपादक महोदय,

घरात साठलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांपासून खुर्चीची बैठक विणावी, स्टूल मढवावे किंवा बसायच्या गादीत त्या भराव्यात, अशा कृती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वाचायला मिळतात. या कल्पनेची मी मनापासून पुरस्कर्ती आहे. मात्र या कृतींत रंगसंगतीबद्दल जितके लिहिलेले असते तितके त्या वस्तूच्या गुणदोषांबद्दल नसते, म्हणून हे पत्र.

बाजारहाटाच्या पातळ पिशव्या बहुधा पॉलिथिनच्या असतात. पॉलिथिन पाणी शोषत नाही व कुजत नाही, आणि नेमक्या याच गुणांमुळे ते कचऱ्यात त्रासदायक, पण विणकामात उपयोगी ठरते. शिवाय अशा पिशव्या कचरा वर्गीकरणाच्या यंत्रांतील फिरत्या दांड्यांभोवती गुंडाळल्या जाऊन यंत्रे अडवतात, त्यामुळे अनेक ठिकाणी त्या पुनर्प्रक्रियेसाठी इतर प्लास्टिकसोबत घेतल्याच जात नाहीत. त्या घरातच दीर्घकाळ कामी आल्या, तर ते निश्चितच चांगले. हातात धरायचे बंद असलेल्या आजच्या प्लास्टिकच्या पिशवीची रचना करणारे स्वीडिश अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन यांनाही ती पुन्हा पुन्हा वापरली जाणेच अपेक्षित होते, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे.

विणकामासाठी पिशवी धुऊन पूर्ण वाळवावी, बंद आणि तळाची शिवण कापून टाकावी व उरलेल्या नळीचे आडवे काप करून ती वेटोळी एकमेकांत अडकवत लांब पट्टी करावी. खरा प्रश्न त्यानंतर येतो. पॉलिथिन सततच्या वजनाखाली हळूहळू ताणले जाते आणि वजन काढल्यावरही पूर्ववत होत नाही. सुट्या पट्ट्यांची बैठक त्यामुळे लवकरच झोळीसारखी लोंबते. पट्टीला पीळ द्यावा किंवा तीन पट्ट्यांची वेणी घालावी, लाकडी वा लोखंडी चौकटीवर उभी-आडवी वीण शक्य तितकी घट्ट ओढावी, आणि गाठी बैठकीच्या खालच्या बाजूला हाताला सापडतील अशा ठेवाव्यात, म्हणजे सैल पडलेली वीण पुन्हा ताणता येते. गादीत भरलेल्या पिशव्याही दबतात. त्या ठासून भराव्यात आणि वर जाड कापडाचा थर द्यावा, नाहीतर बसताना सळसळ होते व घामही येतो.

सर्वांत गंभीर गोष्ट आगीची आहे. पॉलिथिन साधारण 105 ते 135 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, पेटले तर त्याचे जळते थेंब खाली गळतात आणि आग पसरते. असे फर्निचर स्वयंपाकघरातील शेगडी, हीटर, निरांजन किंवा उदबत्ती यांच्याजवळ मुळीच ठेवू नये. पिशव्यांवर इस्त्री फिरवून त्यांचे जाड तक्ते करण्याची कृतीही अनेकजण सुचवतात. बंद खोलीत तापलेल्या प्लास्टिकची वाफ श्वासावाटे घेण्यापेक्षा थंड विणकामच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हातही हे फर्निचर ठेवू नये. अतिनील किरणांनी पॉलिथिन ठिसूळ होते आणि त्याचे बारीक तुकडे घरभर व पुढे मातीत पसरतात. कंपोस्ट होणाऱ्या किंवा आपोआप विघटित होणाऱ्या पिशव्या तर या कामासाठी घेऊच नयेत, कारण त्या ठरावीक काळाने विरण्यासाठीच बनवलेल्या असतात. लहान मुले असलेल्या घरात गादीची खोळ चेनऐवजी पक्की शिवलेली असावी. सुटी पिशवी तोंडावर बसली तर मूल गुदमरू शकते.

आपल्या वृत्तपत्रात यापुढे अशी कृती प्रसिद्ध होईल, तेव्हा कोणती पिशवी घ्यावी, आगीपासून व उन्हापासून काय जपावे आणि विणीवर किती भार टाकावा, एवढे तरी तिच्यासोबत त्याच पानावर छापावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक नियमित वाचक